मानाचं पान

मकरंद अधिकारी गिरणीत आले तेव्हा मी पाटलांच्या घरची बाजरी दळत होते. पट्टा फिरत होता, पीठ उडत होतं आणि हा माणूस कडक इस्त्रीचा झब्बा घालून दारात उभा राहून काहीतरी ओरडत होता. मला एक अक्षर ऐकू येईना. मी हातानंच थांबा म्हटलं. बाजरी मध्येच सोडली तर पीठ जाडंभरडं येतं, आणि मग पाटलीणबाई आठवडाभर बोलून दाखवते. सगळं दळून झाल्यावर मी मोटर बंद केली, तोवर अधिकाऱ्यांच्या भुवयासुद्धा पिठानं माखल्या होत्या.

"वहिनी, आपल्याला मिळाला," ते म्हणाले.

"काय मिळालं?"

"रणभेरी पुरस्कार. आपल्या कादंबरीला."

आपली कादंबरी म्हणे. मकरंद अधिकारी बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ. साताऱ्यात बंगला, बंगल्यापुढं लॉन. रिटायर झाल्यावर काय करायचं म्हणून त्यांनी कादंबऱ्या लिहायला घेतल्या, आणि कादंबरीला सैनिक लागतो म्हणून कुणीतरी त्यांना आमच्या कोळवडीला पाठवलं. आमच्या गावात घरटी एक माणूस पलटणीत. एका दुपारी माझ्या ओसरीवर बसून त्यांनी चहा घेतला आणि नवरा कसा गेला ते विचारलं. मी जे ठाऊक होतं ते सांगितलं. संपतराव हवालदार होते. पहाडातल्या रस्त्यावर रेशनची गाडी दरीत गेली आणि ते गेले. तार आली, मागून पेटी आली, मग पेन्शन सुरू झाली आणि मी गिरणी टाकली. पत्रात काय लिहायचे, असं त्यांनी विचारलं. म्हैस घ्यावी की गाय, हेच लिहायचे, मी म्हटलं. अधिकाऱ्यांचं तोंड एवढंसं झालं.

मग ते घरी गेले आणि त्यांनी 'बर्फात पेटला सूर्य' लिहिलं.

त्या पुस्तकात माझ्या नवऱ्याचं नाव संग्राम. त्याच्या रेशनच्या गाडीवर शत्रू चाल करून येतो. संग्राम एकटा सगळ्यांना लोळवतो, मरता मरता लांबलचक भाषण करतो, आणि छातीतल्या रक्तात बोट बुडवून बर्फावर बायकोचं नाव लिहितो. ती बायको म्हणजे मी. पुस्तकात मी विहिरीवर पाणी भरत असते आणि त्याच क्षणाला माझी घागर फुटते. आमच्याकडं तेव्हा नळ होता. हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण शत्रू दिसताच गाडीचा ड्रायव्हर उडी मारून पळून जातो आणि संग्रामला एकटं टाकतो, असं अधिकाऱ्यांनी लिहिलं होतं. त्याचं नाव पुस्तकात गणू. गावातलं शेंबडं पोरही सांगेल की गणू म्हणजे गोरख कोकरे.

गोरख आमच्याच गावचा, संपतरावांच्याच पलटणीतला, आणि त्या दिवशी त्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून तोच होता. अपघातात त्याची मांडी मोडली आणि तो पाय ओढत घरी आला. पलटणीनं त्याला लवकर घरी बसवलं. त्यानं जुनी जीप घेतली आणि कोळवडी ते तालुका वडाप सुरू केलं. माणसं कोंबायची आणि निघायचं. कधी कुणाच्या वाटेला गेला नाही की कुणाशी भांडला नाही. बाळंतीण असली तर रिकामी जीप घेऊन दवाखान्यात न्यायचा.

ती कादंबरी तालुक्याच्या पेपरात दर रविवारी थोडी थोडी छापून येऊ लागली. कादंबरी खोटी असते हे आमच्या गावाला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. छापून आलं म्हणजे खरं, एवढंच आम्हाला ठाऊक. आधी चेष्टा सुरू झाली. घाट आला की उडी मारणार ना रे गोरख, असं लोक विचारायचे. मग चेष्टाही बंद झाली आणि जीप रिकामी धावू लागली. बायका उन्हात एसटीची वाट बघत बसायच्या, पण गोरखच्या जीपमध्ये पाऊल टाकायच्या नाहीत. ध्वजवंदनाला माजी सैनिकांच्या रांगेत त्याच्या शेजारची जागा मोकळी राहिली. ज्याच्या जीपमध्ये माणूस बसत नाही त्या वडापवाल्यानं करायचं काय? जीप विकून मेव्हण्याकडं वीटभट्टीवर जायचं, असं त्याच्या मनात घोळायला लागलं होतं.

अधिकाऱ्यांना मी त्या दिवशी गिरणीतच हे सगळं ऐकवलं. पुस्तकातला पळपुटा जिवंत आहे, त्याला तोंड दाखवायला जागा उरली नाही, हे सरळ सांगितलं. त्यांनी झब्बा झटकत ऐकून घेतलं.

"वहिनी, ते कलेचं सत्य असतं," ते म्हणाले. "वीर उठून दिसायला शेजारी एक भेकड लागतोच."

मग त्यांनी मुद्द्याची गोष्ट काढली. मानाचं पान मी वाचायचं होतं.

हे मानाचं पान म्हणजे काय ते सांगते. रणभेरी पुरस्कार कारखान्याचे माजी चेअरमन भाऊसाहेब शेडगे आपल्या वडिलांच्या नावानं द्यायचे. वडील पलटणीत नव्हते. पलटणीला घोंगड्या पुरवायचा ठेका त्यांच्याकडं होता. युद्धाच्या आणि सैनिकांच्या कादंबरीलाच हा पुरस्कार, आणि दर वर्षी समारंभात एका वीरपत्नीनं जिंकलेल्या कादंबरीतलं नायकाच्या मरणाचं पान उभं राहून वाचायचं, अशी प्रथा. पुस्तकात लाल फीत घालून ठेवलेली असायची. बाई वाचायची, हुंदका यायचा, हॉल रडायचा, मग जेवण. मागच्या साली शेजारच्या गावची सोनाबाई वाचताना रडली नाही म्हणून भाऊसाहेबांची बायको नाराज झाली होती, असं ऐकलं होतं.

मी नाहीच म्हणणार होते. मग मनात आलं, तालुका गोळा होणार, गावचे सगळे येणार, माईक हातात येणार. तिथंच सांगून टाकावं की गोरख पळाला नाही. पण मला तरी काय ठाऊक होतं? सुरुवातीला मी एकदा त्याला विचारलं होतं. वहिनी, नका विचारू, म्हणाला होता, आणि मी पुन्हा कधी तोंड उघडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. तो जीप धूत होता. कुणी बसत नव्हतं त्या जीपमध्ये, तरी रोज धुवायचा. मी म्हटलं, भावजी, त्या दिवशी काय झालं ते मला सांगा, मी समारंभात सांगणार आहे. तो फडकं पिळत म्हणाला, जे पान देतील ते वाचा आणि घरी या.

चुलीपुढून त्याची बायको शेवंता उठून बाहेर आली. हात तसेच पिठाचे.

"तुम्ही सांगता का मी सांगू?" ती म्हणाली.

"आत जा," गोरख म्हणाला.

"जात नाही. गाव माझ्या तोंडावर थुंकायचं राहिलंय फक्त." ती माझ्याकडं वळली. "अक्का, गाडी ह्यांच्या हातात नव्हतीच. संपतभावजी चालवत होते."

मी खाटेवर बसले. पण खरं सांगू, मला त्यात नवल वाटलं नाही. माझा नवरा होताच तसा. गाडी दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. आमच्या लग्नाच्या वरातीत त्यानं मुंडावळ्या बांधलेल्या असताना भाड्याच्या जीपचं स्टिअरिंग ड्रायव्हरच्या हातातून घेतलं होतं आणि जीप कालव्याच्या भरावावर चढवली होती. मी मागं हिरवा चुडा आवळून बसले होते. सासरे शिव्या देत होते आणि हा खदखदून हसत होता.

गोरखनं फडकं खाली टाकलं आणि मग तो बोलला. वळणावर रस्त्याची कड खचली आणि गाडी गेली. तो बाहेर फेकला गेला. मांडी मोडली होती. वर रस्ता जवळ होता, पण तो खाली सरपटत गेला. पोत्यातले कांदे सगळ्या उतारावर पसरले होते. संपतराव अजून होते. गोरखनं त्यांचं डोकं धड मांडीवर घेतलं आणि वरून माणसं उतरेपर्यंत तसाच बसून राहिला. संपतराव त्याच्या मांडीवरच गेले.

"मग चौकशी बसली," गोरख म्हणाला. "साहेबानं विचारलं, गाडी कोण चालवत होतं. मी म्हटलं, मी. दुसरं काय म्हणणार? गाडी चालवायची परवानगी त्यांना नव्हती. त्यांनी ती चालवली असं निघालं असतं तर तुमच्या पेन्शनीला हात लागला असता. पोर तुमच्या पदरात."

"आणि तुम्हाला घरी बसवलं ते त्याच्यापायी?"

"पाय मोडलाच होता," तो म्हणाला. "वहिनी, एवढी वर्षं मी गप्प बसलो, ते वाया घालवू नका. तुमची चूल त्याच्यावर पेटते. तुम्ही तिथं काही बोललात तर कुणीतरी अर्ज करेल आणि सगळं उकरून निघेल. हात जोडतो."

शेवंता रडत होती. मी कसलाच शब्द दिला नाही आणि उठले. घरी येताना मला इतका संताप आला होता की समोर अधिकारी असते तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. ज्याच्या जिवावर मी आणि माझं पोर भाकरी खात होतो त्यालाच त्या शहाण्यानं पळपुटा करून ठेवला होता, आणि मला त्याच्या तोंडावर टाळ्या घेणारं पान वाचायचं होतं. बोलावं तर गोरखचं एवढ्या वर्षांचं मातीत जाणार. गप्प बसावं तर गोरख वीटभट्टीवर जाणार. 

समारंभाला गावचे लोक कारखान्यानं पाठवलेल्या ट्रकमध्ये बसून गेले. मी गोरखच्या जीपमध्ये बसले. जीपमध्ये आम्ही दोघंच.

तालुक्याच्या हॉलवर मोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर रणगाडा आणि तोफेच्या तोंडातून गुलाबाच्या पाकळ्या. कारखान्याच्या वॉचमनना हिरवे कपडे घालून लाकडी बंदुका देऊन दारात उभं केलं होतं. त्यातला एक माझ्याकडं नेहमी दळणाला येणारा, तो मला सलाम ठोकून हसला. स्टेजवर मला कोपऱ्यातली खुर्ची, आणि गोरख मागं दाराशी उभा. फिकट रंगाचं लुगडं नेसून या, फोटोत शोभतं, असा आधीच निरोप आला होता. मी मुद्दाम डाळिंबी नेसले होते.

भाऊसाहेब उभे राहिले आणि आपण स्वतः आताच सीमेवरून आलो असावं अशा आवेशात बोलले. घोंगड्यांचा विषय तीनदा आला. मग अधिकारी माईकवर आले. त्यांनी डोळे मिटले आणि मग माझ्याकडं हात करून म्हणाले, "या कादंबरीतला शब्दन् शब्द या वीरपत्नीच्या तोंडचा आहे. मी काही लिहिलं नाही. मी फक्त हात होतो."

हॉलभर टाळ्या पडल्या. मी त्या माणसाकडं बघतच राहिले. म्हैस की गाय, एवढं सांगणारी मी, आणि घागर फोडणारा हा. आणि तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडला. शब्दन् शब्द माझाच आहे ना? चेअरमन, परीक्षक, अख्खा तालुका साक्षीला आहे ना? मग मी जे वाचेन ते पुस्तकातलंच. आणि पुस्तकातल्या गोष्टीवर अर्ज करणारा कुणी अजून जन्माला यायचा होता.

माझं नाव पुकारलं. मी माईकपुढं गेले, लाल फीत बाजूला केली आणि पान उघडलं. संग्राम बर्फावर बोटानं लिहीत होता. मी त्या ओळींवर नजर ठेवली आणि मला वाचायचं होतं ते वाचलं.

"गणूला पहाटेपासून ताप होता," मी वाचलं. "डोळ्यांपुढं अंधारी येत होती. संग्रामराव म्हणाले, गणू, तू शेजारी बस, गाडी मी घेतो. गणू नाही म्हणाला, पण त्यांनी ऐकलं नाही. वळणावर रस्त्याची कड खचली आणि गाडी दरीत गेली. शत्रू कुठंच नव्हता. गणू बाहेर फेकला गेला आणि त्याची मांडी मोडली. वर रस्ता जवळ होता. स्वतःचा जीव वाचवायचा तर वर जायचं होतं. तो खाली गेला. कांद्यांतून, दगडांतून सरपटत गेला आणि त्यानं संग्रामरावांचं डोकं मांडीवर घेतलं. ते जाईपर्यंत त्यानं मांडी हलवली नाही. नंतर साहेबानं विचारलं, गाडी कोण चालवत होतं. गणू म्हणाला, मी. कारण संग्रामरावांच्या घरी एक बाई होती आणि तिच्या पदरात पोर होतं. त्या बाईला हे कधी कळलं नाही. ती गणूच्या जिवावर जेवत राहिली."

माझा आवाज शेवटी फाटला. ते नाटक नव्हतं. मी पुस्तक मिटलं.

हॉलमध्ये हुंदके सुरू झाले. भाऊसाहेबांनी उपरण्यानं डोळे पुसले. त्यांच्या बायकोला या साली हवं ते मिळालं होतं, ती तोंडावर पदर घेऊन गदगदत होती. अधिकाऱ्यांचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता. ते खुर्चीतून अर्धे उठले, त्यांनी तोंड उघडलं, हॉलकडं बघितलं, आणि टाळ्या थांबत नाहीत म्हटल्यावर हात जोडून लवले. पुढच्या रांगेत शाळेच्या एक बाई पुस्तक घेऊन बसल्या होत्या. त्या पानं पुढं मागं करत राहिल्या, आणि मग त्यांनीही पुस्तक बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या.

खरी मजा तर पुढंच होती. परीक्षक समितीचे अध्यक्ष प्राचार्य टिळेकर समारोपाला उठले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हेच ते पान," ते म्हणाले. "समितीच्या बैठकीत मी हे पान दोनदा वाचून दाखवलं होतं. सुरुवातीला भेकड वाटणारा गणू इथं आकाशाएवढा होतो. या कलाटणीसाठीच आम्ही एकमतानं ही कादंबरी निवडली."

मला हसू आवरेना. तोंडाला पदर लावला, तर लोकांना वाटलं रडतेय. जे पान छापलंच नव्हतं ते या माणसानं दोनदा वाचून दाखवलं होतं आणि समितीनं एकमतानं मान डोलावली होती. पुस्तक कुणी उघडून बघितलं असेल तर ते फीत घालणाऱ्या शिपायानं.

जेवणाच्या वेळी अधिकाऱ्यांनी मला खांबाआड गाठलं. गळ्यातली शाल सावरत ते कुजबुजले.

"वहिनी, हे पुस्तकात नाही हो."

"मग घाला," मी म्हटलं. "शब्दन् शब्द माझाच ना?"

त्यांनी घातलं. दुसऱ्या आवृत्तीत ते पान आहे, मी वाचलं त्याच्यापेक्षा पाल्हाळानं. पुढं त्यांना त्याच्यावर पुण्यात आणखी मोठा पुरस्कार मिळाला. गणू तुम्हाला कसा सुचला, असं पेपरवाल्यानं विचारलं तेव्हा, तो मला स्वप्नात दिसला, असं त्यांनी सांगितलं. आता तेही नाहीत आणि गोरखही नाही. माझं पोरगं मिळवतं आहे, म्हणून आज हे उघड सांगते. पेन्शनीचं काय व्हायचं ते होवो.

त्या दिवशी जेवण आटोपून हॉलबाहेर आले तर गोरखच्या जीपभोवती माणसं. आमच्याच गावची. ट्रक रिकामा उभा होता आणि सगळी जीपमध्ये शिरत होती, मागं लोंबकळत होती. पाटलीणबाई पुढच्या सीटवर ऐसपैस बसून सांगत होती की आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं, गोरख तसला माणूसच नव्हे. कुणी त्याच्या खांद्यावर हात टाकत होतं, कुणी तंबाखू पुढं करत होतं. एवढी वर्षं तो माणूस डोळ्यांपुढं होता, बाळंतिणी नेत होता, ते कुणाला दिसलं नाही. एका पानानं पळपुटा केला, दुसऱ्या पानानं देव. मला त्या सगळ्यांना जीपमधून खाली ओढावंसं वाटलं. पण गोरखची जीप भरली होती, म्हणून मी पाटलीणबाईला सरक म्हटलं आणि तिच्या शेजारी बसले.

गाव आलं, एकेक जण उतरत गेला. दिवस कलला होता. माझ्या दारापुढं जीप थांबली तेव्हा आत आम्ही दोघंच उरलो होतो. गोरखनं इंजिन बंद केलं. तो आभारबिभार मानेल असं वाटलं होतं, पण तो समोरच्या काचेतून बघत राहिला.

"वहिनी, मला ताप नव्हता," तो म्हणाला.

मी म्हटलं, ठाऊक आहे.

"त्यांनी हट्टानं घेतली गाडी. मी दोनदा नाही म्हटलं होतं."

"तेही ठाऊक आहे. पण सगळ्यांपुढं कसं सांगू, भावजी? नवरा होता माझा."

त्यानं मान हलवली.  मग मी विचारलं. इतक्या वर्षांत पेटी आली, कागद आले, कादंबरी आली, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"गाडी हातात आल्यावर कसे होते ते?"

गोरखला पहिल्यांदाच हसू आलं. "हसत होते," तो म्हणाला. "मोठमोठ्यानं हसत होते. माझी बायको आता मागं असायला पाहिजे होती, किंचाळली असती, असं म्हणाले. आणि मग ते वळण आलं."

मी त्या जीपमध्येच बसून रडले. गोरख गाडी सुरू न करता तसाच थांबून राहिला.